सोडलेली रक्कम

“ही ओळ बघा.” कर्जविभागातल्या अधिकाऱ्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. “हे खातं तुमचंच ना?”

तिने पर्समधून चष्मा काढला, काचा पुसल्या आणि वाचलं. कागद कापायच्या मशीनसाठी काढलेलं कर्ज. मुख्य कर्जदार म्हणून नवऱ्याचं नाव, सहकर्जदार म्हणून तिचं.

“माझंच. पण ते मिटलंय. दोन वर्षं होऊन गेली.”

“मिटलंय, पण तडजोडीने. म्हणजे बँकेने शेवटी काही रक्कम सोडून दिली. ते इथे नोंदवलेलं आहे. अशी नोंद असली की क्रेडिट स्कोअर आपटतो आणि आमचं सॉफ्टवेअर फाइल पुढेच घेत नाही. मी मनावर घेतलं तरी नाही.”

“रक्कम सोडा असं मी म्हटलं नव्हतं.”

“कुणीच म्हणत नाही, मॅडम. पण सोडली की घेतात.”

तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता. दिवसभर अशा ओळी बघणाऱ्याचा तो आवाज होता. तिने मान हलवली. वसुलीवाला दारात आला होता तो दिवस तिला आठवत होता. नवऱ्याला जाऊन फार दिवस झाले नव्हते. मशीन बँकेने नेऊन विकलं होतं, तरी बाकी उरली होती. तो माणूस म्हणाला होता, एवढे एकरकमी भरा, वरचे साहेब सोडायला तयार आहेत, तुमच्याकडे बघून. तिने भरले. त्याने पाणी मागितलं, पिऊन झाल्यावर पेला स्वतः मोरीत नेऊन ठेवला. चांगला माणूस वाटला होता.

“घर कुठलं घेताय?” अधिकाऱ्याने फाइल मिटता मिटता विचारलं.

“राहते तेच. मालक विकतायत. आधी मला विचारलं त्यांनी. वर्षअखेरपर्यंत थांबतो म्हणाले.”

“म्हणजे चार महिने.” त्याने खण उघडून एक छोटं कार्ड टेबलावर सरकवलं. “हे गृहस्थ स्कोअर सुधारून देतात. फी घेतात, पण काम करतात म्हणे. मी दिलं असं कुठे बोलू नका.”

*

ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. शस्त्रक्रियेत काढलेले शरीराचे तुकडे मेणात बसवायचे, त्या मेणाच्या ठोकळ्याचे पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर उचलायचे आणि रंगवून डॉक्टरांकडे पाठवायचे, हे तिचं काम. काप चार मायक्रॉनचा हवा म्हणजे चारचाच, पाचचा चालतो असं कुणी म्हटलं तर ती वाद घालत नसे, पुन्हा कापून देत असे. त्यावरून लॅबमध्ये तिचं नाव मायक्रॉन पडलं होतं. नवीन आलेल्यांना तेच तिचं खरं नाव वाटे.

नवऱ्याचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. “तू मेणात कापतेस, मी कागदात. एकूण काय, घर कापाकापीवर चाललंय,” असं तो पाहुण्यांना सांगत असे. पाहुणे तेच असले तरी सांगत असे. एका दुपारी दुकानातच तो खाली बसला आणि उठला नाही. त्यानंतर घरात दोघी राहिल्या, ती आणि सासू.

सासूला दिसत नव्हतं. आधी डोळ्यांत मधोमध एक डाग आला, मग तो पसरत गेला. आता फक्त उजेड आहे की अंधार एवढं कळे. पण त्या दोन खोल्यांत कुणाला हे सांगूनही पटलं नसतं. त्या स्वतः गॅस पेटवत, दूध उतू जायच्या आत आवाजावरून बंद करत, खुंटीवरचा टॉवेल काढत, मोरीच्या उंबऱ्याला कधी ठेचकाळत नसत. डोळे असताना त्या तीस वर्षं त्या खोल्यांत वावरल्या होत्या. डोळे गेले तरी खोल्या जागच्या जागी होत्या.

बँकेतून ती घरी आली तेव्हा त्या लसूण सोलत होत्या.

“नाही म्हणाले ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“चप्पल हळू काढलीस. काम झालं असतं तर आपटली असतीस.” त्यांनी पाकळी बोटांनी चाचपली. “काय म्हणे?”

तिने सांगितलं. ऐकता ऐकता सासूबाईंनी आणखी दोन पाकळ्या सोलल्या.

“म्हणजे त्यांनीच सोडले आणि आता त्यांनाच राग आलाय.”

“राग नाही. नोंद आहे.”

“तेच ते. माणसाचा राग जातो तरी.” मग थोड्या वेळाने, “मालकाला सांगून ठेव, म्हातारी आंधळी आहे म्हणून. लाज कसली त्यात? एवढी डोळ्यांची राखरांगोळी झाली, काहीतरी उपयोग नको?”

“त्यांना माहीत आहे, आई. म्हणूनच चार महिने थांबले.”

“मग काय,” सासूबाई म्हणाल्या आणि सालं वाडग्यात गोळा करू लागल्या, “सगळं वापरून झालं.”

*

कार्डावरच्या गृहस्थाचं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर होतं. जिना अरुंद होता. आत एसी इतका होता की टेबलावरचे कागद फडफडत होते आणि त्यावर त्याने स्टेपलर, मोबाइल, पाण्याची बाटली, हाताला लागेल ते ठेवलं होतं.

“बसा, बसा. मॅडम, तुमच्यासारख्या रोज चार येतात. काळजी सोडा. स्कोअर म्हणजे काय, आकडा. आकडा बदलता येतो.” त्याने तिचे कागद वरवर चाळले. “हं. नवरा होता का मुख्य? आणि आता नाहीत? छान. म्हणजे, वाईट झालं. पण कामाला सोपं.”

“कसं?”

“आपण तक्रार टाकायची. की ह्या कर्जावरची सही माझी नाही. नवऱ्याने परस्पर केली. मला पत्ताच नव्हता. तक्रार आली की रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीला चौकशी करावी लागते, चौकशी होईपर्यंत ती ओळ बाजूला ठेवतात. तेवढ्यात तुम्ही घराचं कर्ज काढून मोकळ्या. पुढे ओळ परत आली तर आली.”

“आणि त्यांनी सही तपासली तर?”

“कोण तपासतंय? ज्याला विचारायचं तो माणूसच नाही.” तो हसला आणि तिचा चेहरा बघून थांबला. “म्हणजे कायद्याच्या दृष्टीने म्हणतोय मी.”

“तुम्ही नेमकं काय करता यात?”

“तक्रार लिहितो. पाठवतो. मागे लागतो.”

“ती मी स्वतः पाठवली तर चालते?”

त्याने खुर्चीला पाठ टेकली. “चालते हो. फुकट चालते. पण कोण करतं एवढं? लोक नोकरी करतील, पोरं बघतील की हे करत बसतील? अर्धी फी आधी, अर्धी काम झाल्यावर. विचार करून सांगा. तुमचा नंबर राहू दे माझ्याकडे.”

तिने नंबर दिला, कारण मागितल्यावर न देणं तिला जमत नसे. जिना उतरताना कठड्याला धरून उतरली. खाली औषधाच्या दुकानातून सासूच्या डोळ्यांचे थेंब घेतले. त्यांचा आता उपयोग नव्हता, पण कोरडेपणा कमी होई.

*

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट मागवला. वर्षातून एकदा तो कुणालाही फुकट मिळतो, हे तिला त्याच दिवशी कळलं. रिसेप्शनवाली शेजारी येऊन बसली होती. तिला दुसऱ्यांच्या भानगडी ऐकायची मनापासून आवड होती आणि ती ते लपवत नसे.

“केवढा हा, मायक्रॉन. एवढी कर्जं कधी काढलीस गं तू?”

“एवढी नाही काढली.”

रिपोर्ट छापून घेऊन ती घरी पट्टी लावून वाचत बसली. एक एक ओळ, पट्टी खाली सरकवत. मशीनचं कर्ज होतं. तिचं बचत खातं ज्या बँकेत होतं तिथलं एक जुनं, फेडलेलं छोटं कर्ज होतं. आणि तिने कधी न पाहिलेली दोन क्रेडिट कार्डं होती. पत्ता दुसऱ्याच गावचा. नाव तिचंच, आडनावही तेच, जन्मवर्षही. फक्त जन्मतारखेचा महिना वेगळा. हप्त्यांच्या रकान्यांत उशिराच्या खुणा ओळीने पडलेल्या, मग काही महिने सुरळीत, मग पुन्हा खुणा.

म्हणजे दुसरी कुणी बाई होती, आणि तिचं दुखणं इथे येऊन चिकटलं होतं. लॅबमध्ये असं झालं की त्याला गंभीर चूक म्हणतात. एकाच नावाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर हे होतं, म्हणून ती कधी ठेवत नसे. चूक सापडली तरी जुनं लेबल खरडून काढायचं नसतं. त्यावर एक सरळ रेघ मारायची, खाली वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी बरोबर ते लिहून सही करायची.

तिने तक्रार लिहिली. ही दोन कार्डं माझी नाहीत, जन्मतारीख जुळत नाही, पत्ता जुळत नाही, सोबत ओळखपत्र जोडलं आहे. तीन वाक्यांत झाली. पाठवायला तो गृहस्थ एवढे पैसे कशाचे मागत होता, असं तिला क्षणभर वाटलं आणि मग तेही वाटेनासं झालं.

महिन्याभराने उत्तर आलं. कार्डं तिच्या नावावरून काढली होती. स्कोअर थोडा वर आला होता. त्या सुरळीत गेलेल्या महिन्यांत त्या बाईने काय केलं असेल, कुठून आणले असतील पैसे, असं तिच्या मनात आलं. मग ती उठून कपडे वाळत घालायला गेली.

मशीनची ओळ मात्र जागची हलली नव्हती. ती खरीच होती. कर्ज घेतलं होतं, सगळं फेडलं नव्हतं. खऱ्या ओळीविरुद्ध तक्रार कसली करणार. एकच उपाय दिसत होता. सोडलेली रक्कम परत करायची.

*

बँकेचा वसुली विभाग मागच्या बाजूला होता. तिथे खिडक्या नव्हत्या, पुठ्ठ्यासारखी पार्टिशनं होती. एका टेबलावर केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई होती. तिने वर न बघताच विचारलं,

“बोला. किती सवलत पाहिजे?”

“सवलत नको. दिलेली परत करायची आहे.”

अंबाडेवालीने वर पाहिलं. “म्हणजे?”

तिने खाते क्रमांक सांगितला, सगळं पुन्हा सांगितलं. अंबाडेवालीने बराच वेळ कीबोर्ड वाजवला.

“मॅडम, हे खातं शून्य दाखवतंय. शून्य खात्यात पैसे भरता येत नाहीत.”

“रिपोर्टमध्ये शून्य नाहीये.”

“रिपोर्टवाले वेगळे, आम्ही वेगळे.”

“मग सोडलेले पैसे तुमच्याकडे कुठे दिसतात?”

अंबाडेवालीने विचार केला आणि पार्टिशनच्या पलीकडे तोंड करून म्हणाली, “अहो, आपण सोडलेले पैसे कुठल्या खात्यात असतात हो?”

“सोडलेले?” पलीकडून आवाज आला. “कोण मागतंय?”

“मागत नाहीत. द्यायला आल्यात.”

पलीकडे खुर्ची करकरली. मग पार्टिशनवर एक टक्कल आणि त्याखाली दोन डोळे दिसले. त्यांनी तिला नीट बघून घेतलं आणि ते खाली गेले.

“हेड ऑफिसला विचारावं लागेल,” टक्कल न दिसता म्हणालं. “इतकी वर्षं झाली, असं कुणी आलं नव्हतं.”

“चहा घेता का?” अंबाडेवालीने विचारलं. तिला दुसरं काय करावं सुचत नसावं.

पुढच्या आठवड्यांत ती तिथे पुन्हा पुन्हा गेली. लॅबमधून अर्धी रजा घेऊन जायची, तर कधी साहेब नसायचे, कधी हेड ऑफिसचं उत्तर आलेलं नसायचं, एकदा उत्तर आलं पण ते दुसऱ्याच खात्याबद्दल होतं. अंबाडेवाली आता तिला लांबून बघूनच मान नकारार्थी हलवायची, म्हणजे तेवढाच रांगेचा वेळ वाचे. तिने आवाज चढवला नाही. काप फाटला की ठोकळा पुन्हा बर्फावर ठेवायचा आणि थांबायचं, एवढंच तिला येत होतं. भविष्यनिर्वाह निधीतून तिने पैसे काढून ठेवले होते. ते खात्यात पडून होते आणि घ्यायला कुणी तयार नव्हतं.

*

वर्ष संपत आलं तेव्हा घरमालक स्वतः आले. सभ्य माणूस होते. दारात बूट काढले, सासूबाईंची विचारपूस केली, खुर्चीच्या कडेला बसले.

“वहिनी, मी थांबलो. तुम्ही बघताच आहात. पण रोख देणारं गिऱ्हाईक आलंय. माझ्या मुलीचं शिक्षण आहे, मलाही अडकून राहता येत नाही. महिनाअखेरपर्यंत तुमच्या बँकेचं मंजुरीचं पत्र दाखवा, मी त्याला नाही म्हणतो. शब्द आहे माझा.”

“महिनाअखेर,” ती म्हणाली.

“त्यापुढे नाही जमणार हो.”

ते गेले. ती भांडी घासायला बसली आणि फोन वाजला. हात साबणाचे होते, म्हणून तिने कोपराने स्पीकर चालू केला. औषधाच्या दुकानावरचा गृहस्थ होता.

“मॅडम, झालं का काम? नाही ना? मला वाटलंच. अजून वेळ गेलेली नाही. फक्त सही माझी नाही एवढं लिहून द्या, नवऱ्याने केली म्हणा. पंधरा दिवसांत ओळ बाजूला करून देतो. फी पण कमी करतो, तुमच्याकडे बघून.”

“नको,” ती म्हणाली आणि कोपरानेच फोन बंद केला.

पाण्याचा नळ चालू होता. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. दिसत नाही म्हणून ऐकूही येत नाही असं धरून लोक चालतात, ही त्यांची जुनी तक्रार होती.

“किती दिवस ठाऊक आहे तुला हे?”

“पहिल्यापासून.”

“आणि बोलली नाहीस.”

“करायचंच नव्हतं, मग काय बोलायचं.”

“नळ बंद कर आधी.”

तिने नळ बंद केला.

“लिही,” सासूबाई म्हणाल्या. “त्याने केली म्हण. गेलाय तो. त्याला काय होणार आहे? कुणी पकडून नेणार आहे?”

“आई.”

“मी सांगते ना. माझा मुलगा होता तो. मी परवानगी देते. मोठ्या मनाने दिली असती त्यानेसुद्धा. वर म्हणाला असता, आई, माझं नाव एकदा तरी घराच्या कामी आलं.”

खरंच म्हणाला असता. तिला त्याचा आवाजही ऐकू आला, पण जसा दुसऱ्या कुणाचा ऐकू येतो तसा. सही केली ती संध्याकाळही आठवली. दुकानात नवीन मशीनचं कॅटलॉग उघडं पडलं होतं. त्याने कागद तिच्यापुढे ठेवले आणि ती पहिल्या पानापासून वाचायला लागली. तो शटर अर्धं ओढून आला, हिशेब करून आला, शेजारच्याशी गप्पा मारून आला, तरी ती वाचतच होती. “कर सही, नाहीतर मशीनला गंज चढेल,” तो म्हणाला होता. तिने शेवटचं पान वाचलं, एक प्रश्न विचारला, त्याने उत्तर दिलं. मग तिने सही केली.

“सही माझी आहे,” ती म्हणाली.

“मला ठाऊक आहे तुझी आहे. तू न वाचता किराणाच्या पावतीवर सही करत नाहीस. मी काय म्हणते, कुणाला कळणार आहे?”

“कुणाला नाही.”

“मग?”

राग आला असता तर बोलता आलं असतं. तिने भांडं उलटं घातलं, हात पुसले.

“मग मी लिहिणार नाही, आई.”

सासूबाईंनी पलंगाची कड चाचपली. मग म्हणाल्या, “तुला दिसतंय ना सगळं, म्हणून तुला घर सोपं वाटतं. मला विचार. मला हे एकच घर येतं.”

“हो.”

“हो काय?”

“माहीत आहे मला. तरी नाही लिहिणार.”

“दगड आहेस,” सासूबाई म्हणाल्या. आवाजात शिवी नव्हती. त्या भिंतीकडे वळून झोपल्या. तिने दिवा बंद केला. त्यांना फारसा फरक पडत नसला तरी त्या झोपल्या की ती बंद करत असे.

*

महिना संपायच्या आत बँकेने पैसे घेतले. हेड ऑफिसने ते खातं त्यासाठी मुद्दाम उघडलं. अंबाडेवालीने पावती दिली, शिक्का जरा जोरातच मारला आणि म्हणाली, “घ्या. सुटलात तुम्ही आणि सुटलो आम्ही.” मग हळूच, “नोंद बदलायला वेळ लागेल हं. आम्ही पुढच्या महिन्याच्या शेवटी पाठवतो, मग ते त्यांच्या सवडीने चढवतात.”

पावती घेऊन ती त्याच इमारतीत पुढच्या बाजूला गेली. कर्जविभागातल्या अधिकाऱ्याने ती दोनदा वाचली.

“मानलं तुम्हाला. पण आमच्या सॉफ्टवेअरला पावती दिसत नाही, मॅडम. रिपोर्ट दिसतो.”

“पावती तुमच्याच बँकेची आहे.”

“हो ना,” तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. “तेच तर.”

पावती तिने घरमालकांनाही दाखवली. त्यांनी ती अदबीने दोन्ही हातांत धरून वाचली आणि परत केली. “कागद खरा आहे, वहिनी. पण यावर घर कसं देऊ मी?” त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नव्या मालकाला खोल्या रिकाम्या हव्या होत्या.

दुसऱ्या वस्तीत, पहिल्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या. लॅबच्या रिसेप्शनवालीने टेम्पो ठरवून दिला आणि स्वतः पंखा मांडीवर घेऊन टेम्पोत बसली. सामान तेच होतं, पण इथे मोरी डावीकडे होती, दार आतल्या बाजूला उघडत होतं आणि स्वयंपाकाचा ओटा तिथे होता जिथे पूर्वी पलंग असे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी कपाळाला टेंगूळ आणून घेतलं, दुसऱ्या दिवशी पाण्याचं पिंप उलटवलं. त्यानंतर त्या खुर्चीत बसून राहू लागल्या.

“खरं बोललो,” त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “म्हणून आता मला संडासाला जायलासुद्धा परवानगी काढावी लागते.”

शेजारीण हसे. तीही हसल्यासारखं करी. सकाळी कामाला निघण्याआधी ती त्यांचा हात धरून सगळं पुन्हा एकदा लावून दाखवी, हा उंबरा, ही खुंटी, इथे कोपरा आहे. त्या हात सैल सोडत. ऐकत, पण शिकत नव्हत्या. गॅसला त्यांनी हात लावला नाही. जेवण ती डब्यात काढून ठेवून जाई आणि संध्याकाळी डबा कधी रिकामा मिळे, कधी तसाच.

लॅबमध्ये ती काप काढत होती. पहिल्यासारखेच निघत होते, चार मायक्रॉनचे, एकाला एक जोडून, पाण्यावर न सुरकुतता पसरणारे. दुःख झालं की हात थरथरतो असं ती ऐकून होती. तिचा थरथरला नाही. याचं तिला एकदा आश्चर्य वाटलं.

नोंद बदलली तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. जेवणाच्या सुट्टीत तिने रिपोर्ट उघडला. मशीनचं कर्ज, पूर्ण फेडून बंद. सोडलेली रक्कम, शून्य. रिसेप्शनवाली खांद्यावरून वाकून म्हणाली, “झालं की गं. आता कर्ज मिळेल तुला.”

“मिळेल.”

“मग? पार्टी?”

“घर नाहीये घ्यायला,” ती म्हणाली आणि तो कागद छापून घेतला.

त्या संध्याकाळी ती घरी आली तर खुर्ची रिकामी होती. मोरीत कुणी नव्हतं. आतल्या खोलीत सासूबाई उभ्या होत्या, पलंग आणि कपाट यांच्या मधल्या जागेत, भिंतीला तोंड करून. हात पाठीमागे गुंफलेले, मान जराशी वर. जुन्या घरात पलंग आणि कपाट याच अंतरावर होते आणि त्यांच्या मधे खिडकी होती. ऊन उतरल्यावर त्या तिथे उभ्या राहायच्या. इथे त्या जागी नुसती भिंत होती, नव्याने रंगवलेली.

ती दारातच थांबली.

“आलीस?” सासूबाई न वळता म्हणाल्या. “कसला कागद आहे हातात?”

“रिपोर्ट. बदलला त्यांनी.”

“काय लिहिलंय?”

“पूर्ण फेडून बंद. काही बाकी नाही.”

“तुझ्या नावापुढे?”

“दोघांच्या. एकाच ओळीत आहे.”

सासूबाईंनी मान हलवली. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज पाठीमागून, बाहेरच्या खोलीतून आला. त्यांनी एक हात पुढे केला, भिंतीला तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

“आज वारा नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही, आई.”

तिने कागद पलंगावर ठेवला, पर्स खांद्यावरून उतरवली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.